जुनी पोर्शे ९४४ घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करता येईल का?

प्रश्न असा होता: ओहायोत राहतो. १९८७ची साधी (टर्बो नसलेली) पोर्शे ९४४ स्वस्तात मिळतेय. बरीच वर्षं उभी आहे, पण मालकाकडे सगळ्या कामांच्या पावत्या आहेत. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करून चालवता येईल का? सुरुवात कुठून करू, आणि खर्च किती?

"सगळ्या पावत्या आहेत" हे वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. दुरुस्त करता येईल. पण पावत्यांची ती फाईल आधी कपाटात टाका.

माझी १९८६ची आहे. २०१९च्या सप्टेंबरात घेतली, इथे डेट्रॉइटजवळच. विकणारा सज्जन माणूस. दोन बोटं जाड फाईल, तारखेप्रमाणे लावलेली. त्यात एका गॅरेजची पावती होती, "बेल्ट्स बदलले" अशी. झालं, मी निश्चिंत.

इथे थोडं घरचं सांगावं लागेल. आमच्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं. फियाट, अँबॅसिडर, जीप, मधूनच एखादं शेतावरचं ऑइल इंजिन. दादा आठवीपासून तिथेच. मला मात्र पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. "बारका शिकणार आहे, त्याचे हात काळे नकोत." मी शिकलो, मेकॅनिकल इंजिनिअर झालो, मोटारींच्याच गावात येऊन बसलो आणि एकोणीस वर्षं मोटारींचे भाग कॉम्प्युटरवर काढतोय. गॅरेज दादा चालवतो. तेव्हा ही गाडी मी कोणाला दाखवायला घेतली होती, ते तुम्ही ओळखलंच असेल.

व्हिडिओ कॉलवर दादाने गाडी नीट बघितली. लाल रंग, फुगलेले मडगार्ड, वर उचलले जाणारे हेडलॅम्प, कशाचंच कौतुक नाही. पहिला प्रश्न: "पट्टा बघितलास काय?"

म्हटलं, पावती आहे की.

"पावती इंजनाला बांधून गाडी पळती काय रं? डोळ्यानं बघितलास काय, ते सांग."

मला राग आला. मी त्याला हे इंजिन समजावून द्यायला लागलो. चारच सिलिंडर, पण २४७९ सीसी, म्हणून थरथर मारायला दोन बॅलन्स शाफ्ट, ते क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात, त्यांचा पट्टा वेगळा, टायमिंगचा, म्हणजे क्रँकवरून वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारा, वेगळा. तो म्हणाला, "म्हणजे दोन पट्टे. दोन्ही बघितला नाहीस." आणि फोन वहिनीकडे दिला.

बघायला किती वेळ लागतो? डिस्ट्रिब्युटरची (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप काढायची, आत फिरणारा रोटर काढायचा, वरच्या कव्हरचे बोल्ट काढायचे. तासाभराचं काम. मी ते केलं नाही. आळस नव्हता हो, नुसता हट्ट होता. दादाने सांगितलं म्हणून केलं नाही.

पुढचे सहाशे मैल फार सुंदर गेले. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ सारखं वाटलेलं असतं. वळणावर ही गाडी जशी बसते तशी आजच्या दुप्पट ताकदीच्या गाड्याही बसत नाहीत, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एका सिग्नलवरून निघालो, दुसरा गिअर टाकला आणि इंजिन गप्प. ना आवाज, ना झटका. स्टार्टर मारला तर नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरला, शिवणयंत्र रिकामं फिरवावं तसा. कॉम्प्रेशन नसलं की असाच आवाज येतो. घरी ओढून आणली, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली (तीच, जी महिन्यापूर्वी काढायची होती), मुलाला चावी फिरवायला सांगितली. रोटर ढिम्म. या इंजिनात रोटर थेट कॅमच्या टोकावर बसतो. क्रँक फिरतोय आणि रोटर नाही, म्हणजे पट्टा गेला. आणि चालत्या इंजिनात पट्टा गेला की पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो. आठपैकी पाच वॉल्व्ह वाकले.

मग ती पावती पुन्हा काढून नीट वाचली. "बेल्ट्स" म्हणजे बाहेरचे. अल्टरनेटर, स्टिअरिंग पंप, एसी फिरवणारे. गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता. मी वाचताना मला हवं ते वाचलं होतं.

तो हिवाळा गॅरेजमध्ये काढला. बाहेर उणे पंधरा, आत एक हीटर आणि खोक्यावर ठेवलेला फोन, त्यात दादा. तिकडे सकाळ, इकडे रात्र. एक्झॉस्टचे दोन स्टड तुटले, ते काढायला तीन शनिवार गेले. दादा म्हणाला, खोललंच आहेस तर लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बदलून टाक. यात लायनर नसतात. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेला ब्लॉक असतो आणि पिस्टन थेट त्याच्यावर घासतो, त्यामुळे साध्या लेथवाल्याकडे होनिंगला (आतून घासायला) देणं म्हणजे ब्लॉक घालवणं. हे त्याला पटायला आठवडा लागला. तेवढा एक मुद्दा माझा. हेड मशीन शॉपला दिलं, पाच नवे वॉल्व्ह बसवून आणले, मार्चमध्ये जोडायला घेतलं. टायमिंग लावताना फ्लायव्हीलवरची खूण बेलहाउसिंगच्या खिडकीतून बघावी लागते. जर्मन गाडी, म्हणून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) नाही, त्यावर 'ओटी' लिहिलेलं असतं. मी ओरडलो, "दादा, ओटी दिसली!" तर मागून वहिनी, "कुणाची ओटी भरताय एवढ्या रात्री?"

असो. तुमचा प्रश्न.

सुरुवात पट्ट्यांपासून. दोन्ही पट्टे, सगळे रोलर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील, एकाच वेळी. पंप चांगला दिसतोय म्हणून ठेवू नका, कारण त्याच्यापर्यंत पोचायला हे सगळं पुन्हा खोलावं लागतं. हे होईपर्यंत गाडी सुरूसुद्धा करू नका, मालक कितीही म्हणो "एकदा ऐका तर आवाज". मग पेट्रोलचे रबरी पाइप, विशेषतः इंजिनवरचे. चाळीस वर्षांचं रबर गरम इंजिनवर ठेवून तुम्हाला झोप लागत असेल तर माझं काही म्हणणं नाही. मग डीएमई रिले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा. डॅशबोर्डखाली फ्यूजपाशी असतो, आतले सोल्डरचे डाग सुटतात आणि गाडी मनात येईल तेव्हा बंद पडते. नवा घाला, आणखी एक ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. रेडिएटरच्या पाण्यात लस्सीसारखा फेस दिसला तर घाबरून हेड खोलू नका, आधी ऑइल कूलरची सील बघा. बॅटरीखालचा ट्रे गंजून भोक पडतं आणि पाणी आत पायापाशी येतं. बाकी पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे, इकडच्या मिठाच्या रस्त्यांवरही बऱ्यापैकी टिकतो. डॅशबोर्डला भेगा असतील, असू देत. पहिल्याच महिन्यात सीट कव्हर आणि पॉलिशवर पैसे घालणाऱ्यांच्या गाड्या वर्षभरात विकायला निघतात, हे मी चार वेळा बघितलंय.

आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळलं ते आकड्यात सांगणारा पाना, घ्या. चांगला घ्या. दुसऱ्या कशात काटकसर करा.

हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण २०२२च्या उन्हाळ्यात दादा-वहिनी दोन महिने आले होते तेव्हा दादाने हौसेने गाडीचं ऑइल बदललं. इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट त्याने आवळला. साध्या रिंग पान्याने, हाताच्या अंदाजाने, शेवटी खांद्याचा एक हिसका देऊन. मी टॉर्क रेंच पुढे केला तर म्हणाला, "त्यो तुमच्या कॉलेजात वापरा." आता चेंबर ॲल्युमिनियमचा आहे. पुढच्या वर्षी मी ऑइल बदलायला बोल्ट सोडला तर त्याच्याबरोबर चेंबरचे आटेही बाहेर आले, चांदीच्या तारेसारखे. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागली. दादाचं म्हणणं, बोल्ट मी आवळला तेव्हा ठीक होता, सोडताना तू आटे घालवलेस. सोडताना आटे जात नसतात, आधी गेलेले असतात तेच दिसतात. हे मी त्याला आकृती काढून पाठवलंय. उत्तरात अंगठा आला.

पोलादी फियाटवर आयुष्य काढलेल्या हाताचा अंदाज ॲल्युमिनियमवर चालत नाही, एवढंच म्हणायचंय. या गाडीच्या चाकांचे नटसुद्धा ॲल्युमिनियमचे आहेत, त्यांना १३० न्यूटन-मीटर लागतं. खांद्याच्या हिसक्याला आकडा नसतो.

राहिलेलं. क्लच इंजिनपाशी आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे क्लचप्लेट बदलायला एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि दोघांना जोडणारी मधली लांब टॉर्क ट्यूब सगळं हलवावं लागतं. जुन्या प्लेटच्या मध्यभागी रबर असतं, ते फाटलं की गाडी जागची हलत नाही. मी स्वतः हे काम अजून केलेलं नाही, आणि गाडी सुरू न करता क्लच तपासता येत नाही, तेव्हा हे काम निघेल असं धरूनच भाव पाडा. वाहनाखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि थंडीत दार लावून इंजिन चालवायचं नाही. भाड्याच्या घरात असाल तर हे सगळं विसरा, मालक पहिल्या ऑइलच्या डागाला नोटीस देईल.

हो, आणि तुमची १९८७ची आहे हे आत्ता पुन्हा वाचलं. तिला टायमिंगच्या पट्ट्याचा ताण धरायला स्प्रिंगचा टेन्शनर असतो, माझीला नाही. म्हणजे हाताने ताण मोजायची माझ्यासारखी कटकट तुम्हाला कमी. पट्टा मात्र डोळ्यांनीच बघायचा.

खर्चाचं विचारलंत. माझ्या पावत्या बिस्किटाच्या एका डब्यात आहेत, बेरीज केलेली नाही.