लुइस-मॅकॉर्डला बदली: घर कुठे घ्यावं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नवरा अमेरिकन आर्मीत सार्जंट आहे. टेक्सासच्या फोर्ट ब्लिसहून त्याची बदली वॉशिंग्टन राज्यातल्या जॉइंट बेस लुइस-मॅकॉर्डला झाली आहे. तुझी मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत झाली, आणि आता चार वर्षांच्या मुलीला घेऊन तू नाशिकरोडहून थेट तिथे येणार आहेस. नवरा म्हणतो, बेसजवळच्या स्पॅनअवेला कमी भाड्यात मोठं घर मिळतं. सासरचे नातेवाईक म्हणतात, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला राहा, तिथे आपली माणसं आहेत. आणि देवळालीला तोफखान्यात नोकरी केलेले तुझे वडील म्हणतात, क्वार्टर मिळत असेल तर बाहेर राहायचंच कशाला?

मी या बेसच्या आसपास बरीच वर्षं राहते, नवरा आर्मीतच आहे. माझं मत आधी सांगते. नवऱ्याचं ऑफिस घरापासून किती मिनिटांवर, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की तो महिना-दीड महिना घरी नसेल तेव्हा त्या घरात, त्या गल्लीत, हातात गाडी नसताना तुझे आणि मुलीचे दिवस कसे जातील? घर त्या दिवसांसाठी शोध.

कारण ते दिवस येणारच. इथल्या स्ट्रायकर ब्रिगेडचे, म्हणजे चिलखती गाड्यांच्या तुकड्यांचे, सैनिक सरावाला कॅस्केड पर्वताच्या पलीकडे याकिमाला जातात, मोठ्या सरावाला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फोर्ट अर्विनला. बेसवरच्या फर्स्ट कोअरची नजर पॅसिफिकवर, त्यामुळे जपान, फिलिपीन्स, थायलंड अशा फेऱ्या होतात. (भारतीय सैन्यही इथे येऊन गेलं आहे: 2015 आणि 2019 चा ‘युद्ध अभ्यास’ याच बेसवर झाला.) घरी असला तरी सकाळी साडेसहाला पीटी असते, म्हणजे मुलगी उठायच्या आत तो बाहेर पडलेला असणार. आणि तुला पहिले काही महिने गाडी चालवता येणार नाही असं धरूनच चाल. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. इथली रहिवासी झाल्यापासून 30 दिवसांनंतर ते चालतही नाही. लेखी परीक्षा आणि गाडीची चाचणी दोन्ही द्यावी लागतात. नवऱ्याला हे सगळं माहीत आहे, पण घरांच्या जाहिराती बघताना बेडरूम आणि गॅरेज आधी दिसतं. त्याच्याशी यावर नीट बसून बोल.

आधी पैशांचं. घरभत्त्याला इथे सगळे बीएएच म्हणतात. तो हुद्द्यावर, कुटुंब सोबत आहे की नाही यावर आणि नेमणुकीच्या ठिकाणावर ठरतो. तुम्ही कुठल्या गावात राहता यावर ठरत नाही. त्यावर कर नाही. दर 1 जानेवारीला नवे दर येतात, आणि आकडा भागातलं सरासरी भाडं आणि वीज-पाणी धरून काढतात, त्यातला साधारण 5 टक्के भार सैनिकाने उचलायचा असतो. स्वस्त घर घेतलं तर उरलेले पैसे तुमचे. बेसवर घर घेतलं तर सहसा पूर्ण भत्ता घरं सांभाळणाऱ्या खासगी कंपनीकडे जातो. स्पॅनअवेचा हट्ट या हिशोबातून येतो, आणि हिशोब चुकीचा नाही. फक्त त्यात दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा आणि तुझं घरात अडकून पडणं धरलेलं नसतं.

आता वडिलांचं म्हणणं. मी साताऱ्याची, आमच्याकडे घराघरांत फौजी, त्यामुळे कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरचं सुख मला ठाऊक आहे. बेसवरच्या वस्तीत त्यातलं बरंच आहे. शेजारच्या घरातलाही माणूस फील्डवर गेलेला असतो, मुलं रस्त्यावर सायकली चालवतात, गेटवर पहारा असतो. आतल्या प्राथमिक शाळा लेकवूडचा क्लोव्हर पार्क स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतो. गाडी नसलेल्या बाईला पहिलं वर्ष आत काढणं सोपं जातं, हे मी मनापासून सांगते. पण तीन गोष्टी बघ. एक तर रांग असते, हुद्द्याप्रमाणे आणि बेडरूमप्रमाणे, त्यामुळे बदलीच्या ऑर्डर्स हातात आल्या की नवऱ्याने त्याच दिवशी हाउसिंग ऑफिसला कागद पाठवावेत. दुसरं, बेस अफाट मोठा आहे. ‘आत’ राहिलीस तरी कमिसरी, म्हणजे आपल्या सीएसडी कॅन्टीनसारखं किराण्याचं दुकान, चालत जाण्याइतकं जवळ असेलच असं नाही. कोणती वस्ती मिळते आहे ते नकाशावर बघून हो म्हण. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आई-वडील भेटीला आले, किंवा पुढे बाळंतपणासाठी आई आली, तर परदेशी पासपोर्टवर बेसमध्ये शिरायला पास आणि तपासणी लागते. शिवाय पाहुण्याने किती दिवस राहावं याला लीजमध्ये, म्हणजे भाडेकरारात, मर्यादा असते. आपल्याकडे आई चार-सहा महिने येते. ती ये-जा करताना प्रत्येक वेळी काय लागेल आणि ती किती दिवस राहू शकेल, हे सही करायच्या आधी लेखी विचार.

बाहेर राहायचं ठरलं तर माझी पहिली पसंती लेकवूड आणि त्याला लागून असलेलं स्टिलाकम.

लेकवूडबद्दल तुला वाईटसाईट ऐकायला मिळेल. काही भाग खरंच नको असे आहेत, आणि दोन गल्ल्या सोडून पुढे गेलं की तळ्याकाठची शांत, जुन्या झाडांची वस्ती लागते. त्यामुळे गावाच्या नावावरून काही ठरवू नकोस. नवरा आधी पोचणार आहे ना? त्याला सांग, घर दुपारी बघ आणि त्याच गल्लीत रात्री नऊनंतर पुन्हा जा. पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभा राहा. मग मला फोन कर. लेकवूडची जमेची बाजू ही, की इथे बस आहे, दुकानं एकमेकांजवळ आहेत, आणि साउंडर नावाची लोकल लेकवूड स्टेशनवरून सुटते. ती सोमवार ते शुक्रवार सकाळी सिएटलला जाते आणि संध्याकाळी परत येते. तू पुण्यात आयटीत होतीस. पुढे सिएटलमध्ये नोकरी लागली तर ही गाडी तुझ्या फार कामाची आहे. हायवेवरून रोज जाणं माणसाला थकवून टाकतं.

आणखी एक सांगते, जे घरांच्या जाहिरातीत येत नाही. लेकवूड-टकोमाच्या साउथ टकोमा वे रस्त्यावर कोरियन बाजार आहे. अमेरिकन सैनिकांशी लग्न करून आलेल्या कोरियन बायकांमुळे ही वस्ती इथे रुजली आणि वाढली. कोथिंबीर, मुळा, हिरव्या मिरच्या, वांगी, ताजा बांगडा सगळं तिथे मिळतं. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांसाठी उत्तरेला केंटच्या बाजूला जावं लागतं, ते महिन्यातून एकदा जमतं. त्या बाजारात गेलं की मला नेहमी बरं वाटतं, कारण आपल्यासारख्याच, भाषा न येता नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या बायकांनी तो उभा केला आहे.

स्टिलाकम लहान आणि टुमदार, समुद्राच्या खाडीवर, शाळा चांगल्या. भाड्याची घरं कमी आणि लवकर जातात.

ड्युपाँट बेसच्या दक्षिणेच्या गेटला लागून आहे. पूर्वी स्फोटकांच्या कारखान्याचं गाव, आता आखीव वसाहत. फुटपाथ, बागा, पायवाटा, आणि शेजारी बहुतेक आर्मीचेच. नवरा बाहेरगावी असताना रात्री मुलीला ताप आला तर दार वाजवायला माणूस आहे, आणि मला याची किंमत भाड्यातल्या फरकापेक्षा जास्त वाटते. भाडं चढं आहे, घरमालक संघाचे नियम भरपूर आहेत, मोठी खरेदी लेसी नाहीतर लेकवूडलाच. शाळा स्टिलाकमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये येतात, हायस्कूलला स्टिलाकमला जावं लागतं. चार वर्षांच्या मुलीसाठी हा मुद्दा आत्ता लांबचा आहे.

लेसी पलीकडे थर्स्टन काउंटीत. घरं नवी, दुकानं मुबलक, ऑलिंपिया शेजारी, खूप आर्मीवाले तिथे सुखाने राहतात. अडचण रस्त्याची. मध्ये निस्क्वाली नदीची दरी आहे आणि ती ओलांडायला मोठा रस्ता एकच, आय-5 हायवे. सकाळी एक अपघात झाला की सगळं थांबतं. मॅडिगन हे आर्मीचं मोठं हॉस्पिटलही आय-5 लाच लागून आहे. म्हणजे डॉक्टरकडे जाणं, मुलीचं लसीकरण, सगळं त्याच रस्त्याने. गाडी चालवायला लागलीस की लेसी विचारात घे. पहिल्या वर्षी नको.

स्पॅनअवेबद्दल: मोठं घर मिळेल, अंगण मिळेल. फुटपाथ सगळीकडे नाहीत, आणि नोव्हेंबर ते मार्च अंधार लवकर पडतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेचारच्या आत सूर्य मावळलेला असतो. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, बारीक भुरभुर आठवडाभर चालू राहते आणि आभाळ राखाडीच असतं. बसस्टॉप अर्धा मैल लांब असेल तर तेवढं अंतर चार वर्षांच्या मुलीला घेऊन अंधारात, रस्त्याच्या कडेने, रोज चालायचं आहे असं समजून बघ. उन्हाळ्यात घर बघायला आलेल्या माणसाला हे दिसत नाही, कारण जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

प्युॲलप आणि ऑर्टिंगची घरंही तुला स्क्रीनवर सुंदर दिसतील, मागे माउंट रेनिअर. तो जिवंत ज्वालामुखी आहे. त्यातून उतरणाऱ्या चिखलाच्या लोंढ्यांनीच हे खोरं भरलेलं आहे. साधारण 500 वर्षांपूर्वीचा एक लोंढा आजच्या ऑर्टिंगच्या जागेवरून गेला. तिथे भोंगे बसवलेले आहेत आणि शाळेतली मुलं उंचावर चालत जाण्याचा सराव करतात. घाबरवत नाही, लोक राहतात. पण नवरा लांब आणि गाडी नाही, अशा अवस्थेत मी खोऱ्याच्या तळाशी घर घेणार नाही. प्युॲलपचा साउथ हिल भाग वर आहे, तो वेगळा.

बेलव्ह्यूचा विचार सोडून दे. बेसपासून साधारण 45 मैल, आणि गर्दीच्या वेळी दोन तासही लागतात. सिएटल महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, देवळं, मराठी मैत्रिणी बहुतेक त्या बाजूलाच आहेत, हे खरं. गणपतीला, दिवाळीला, एखाद्या शनिवारी जाऊ. नवऱ्याला पहाटे साडेसहाच्या पीटीला तिथून रोज पाठवणं शक्य नाही.

घर बघताना नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर ठेव आणि शेगडीपाशी जायला सांग. वरचा पंखा धूर घराबाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, हे विचार. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये परतच सोडतो, आणि मग प्रत्येक फोडणीला स्मोक अलार्म वाजतो. बाथरूमच्या छताचे आणि खिडक्यांचे कोपरे बघ. काळे ठिपके म्हणजे बुरशी, ते घर सोड. कपडे वाळवायचं मशीन घरातच हवं, हिवाळ्यात बाहेर काही वाळत नाही. एसी आहे का विचार. इथल्या जुन्या घरांत नसतो, आणि जून 2021 मध्ये सिएटलचा पारा 42 अंशांपर्यंत गेला होता. न बघितलेल्या घराचं डिपॉझिट कुणालाही पाठवू नका. बदलीवर येणाऱ्या सैनिकांना गाठून फसवणारे असतात.

शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घर पक्कं करण्याआधी त्या डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला पत्ता सांगून खात्री कर. घरं दाखवणाऱ्या ॲपवरच्या रेषांवर विसंबू नकोस. किंडरगार्टनला 31 ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण लागतात. बेसवरच्या पाळणाघरासाठी नाव तू भारतात असतानाच नोंदवता येईल का, ते नवऱ्याने बघावं, कारण तिथेही रांग आहे.

लीजवर दोघांची नावं हवीत. वीज-पाण्याच्या खात्यावरही. तो फिलिपीन्समध्ये असताना हीटर बंद पडला आणि खात्यावर तुझं नाव नसेल तर कंपनी तुझ्याशी बोलणारच नाही. जाण्याआधी त्याने तुझ्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवावी. बेसवरच्या कायदा कार्यालयात पैसे पडत नाहीत. लीजही सही करण्याआधी हाउसिंग ऑफिसला दाखवा, तेही फुकट तपासून देतात. पुन्हा बदली आली, किंवा 90 दिवस वा त्याहून जास्त डिप्लॉयमेंट, म्हणजे मोहिमेवर रवानगी, आली, तर केंद्राच्या कायद्याने लीज दंड न भरता मोडता येतो. लेखी नोटीस आणि ऑर्डर्सची प्रत द्यायची, आणि पुढच्या भाड्याच्या तारखेनंतर 30 दिवसांनी लीज संपतो. म्हणजे 10 मार्चला नोटीस दिली आणि भाडं 1 तारखेला असेल, तर 1 मेला मोकळे. काही घरमालक हा हक्क सोडल्याचा वेगळा कागद पुढे करतात. त्यावर सही करायची नाही.

आता नवऱ्याकडून एवढं विचारून घे: युनिट लुइसच्या बाजूला आहे की मॅकॉर्डच्या, म्हणजे हवाई तळाच्या, पहिला मोठा सराव केव्हा आहे, आणि बेसच्या घरांच्या रांगेत नंबर कितवा. सराव तू उतरल्यावर लगेच असेल, तर तिकीट दोन-तीन आठवडे पुढे-मागे करता येतं का बघ, म्हणजे लायसन्सचा अभ्यास, बँक, तुझं आर्मीचं कार्ड ही कामं तो इथे असताना उरकतील. उत्तरं आली की कळव, लेकवूडमधल्या कुठल्या गल्ल्या बघायच्या ते तुला नकाशावर खुणा करून पाठवते.