ग्लोव्हजने हात खाजतात : आयसीयू सोडण्याआधी पॅच टेस्ट करून घे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षं आयसीयूत नर्स आहेस. चार महिन्यांपासून दोन्ही हातांच्या पाठीवर लाल पुरळ, बोटांच्या बेचक्यांत भेगा, आणि मनगटावर ग्लोव्हची कड येते तिथे पुरळ रेघ मारल्यासारखं थांबतं. इन्चार्ज म्हणाल्या लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची ॲलर्जी आहे, म्हणून तू पदरच्या पैशाने नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) ग्लोव्हचे दोन खोके आणलेस, तीन आठवडे वापरलेस, फरक काही नाही. आता घरचे म्हणतायत नोकरी सोड. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सव्वीस वर्षं काढली आणि हे दुखणं स्वतःच्या हातांवर भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राजीनामा आत्ता बाजूला ठेव. "ग्लोव्हजने खाजतं" या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. आपल्याकडे तिन्हींना सरसकट "लेटेक्स ॲलर्जी" म्हणतात. मग ग्लोव्ह बदलूनही हात सुधारला नाही की पोरी हताश होतात.

सगळ्यात जास्त दिसतं ते पहिलं : त्वचा नुसती सोलवटून निघणं. यात ॲलर्जी नसतेच. साबण, बीटाडीन स्क्रब, ब्रश, घाम, ग्लोव्हची पावडर, दिवसातून तीसचाळीसदा धुतलेले हात. माझं हेच होतं. थंडीचे दिवस होते, केसमागून केस, हात पुसायलाही उसंत नाही. ओल्या हातावर ग्लोव्ह ओढायचा, तो अडकायचा, बोटांच्या टोकांना हवा राहायची आणि आतल्या ओलाव्यात कातडी तासन्‌तास भिजत राहायची. घरी कणीक मळताना भेगांत मीठ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी मला बेसिनपाशी नेलं आणि म्हणाले, रोज धुता तसे हात धुऊन दाखवा. मग अंगठी काढायला लावली. अंगठीखालची कातडी सगळ्यात वाईट होती, पांढरी, चिघळलेली. साबण तिथे अडकून राहत होता. ओटीत अंगठी काढायची हे मीच मुलींना शिकवत होते, पण लग्नातली अंगठी निघत नाही म्हणून वरून साबण चोळून वेळ मारून नेत होते. अंगठी कापून काढली. दीड महिन्यात हात माणसात आले. ग्लोव्ह तेच होते.

दुसरं दुखणं खऱ्या ॲलर्जीचं, पण लेटेक्सच्या प्रथिनांची नव्हे. रबर पक्कं आणि लवचिक व्हावं म्हणून कारखान्यात त्यात ॲक्सलरेटर घालतात : थायुरम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायझोल. शरीर त्यांच्यावर बिथरतं ते उशिरा, एकदोन दिवसांनी. म्हणून सोमवारच्या ड्युटीचं पुरळ बुधवारी सुट्टीच्या दिवशी फुलतं आणि माणूस घरच्या भांडी घासायच्या पावडरीला दोष देतो. आणि हे नीट लक्षात घे : यातलीच बरीच रसायनं साध्या नायट्राइल ग्लोव्हमध्येही असतात. तुझी कडेची रेघ आणि नायट्राइलने काही फरक न पडणं, या दोन गोष्टी वाचून माझा अंदाज याच दुसऱ्या दुखण्याकडे जातो. त्यावर पहिल्याचीही भर असणार. पण हा माझा अंदाज आहे, निदान डॉक्टरच करतील.

तिसरी ती खरी लेटेक्स ॲलर्जी, आणि तिच्याशी खेळ नको. रबराच्या झाडाच्या चिकातली प्रथिनं रक्तातल्या आयजीईला (ॲलर्जीच्या अँटिबॉडीला) चेतवतात. ग्लोव्ह घातल्यावर काही मिनिटांतच खाज आणि गांधी उठतात, पुढे शिंका, डोळ्यांना पाणी, छातीत घरघर, आणि कधी थेट ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. माझ्या बरोबरीच्या एका सिस्टरची गोष्ट सांगते. केळं खाल्लं की तिच्या जिभेला खाज यायची, आम्ही म्हणायचो पिकलेलं नसेल. मुलाच्या वाढदिवसाला फुगे फुगवले आणि ओठ सुजले. मग ओटीत शिरलं की शिंका सुरू व्हायच्या. एके दिवशी ट्रॉलीपाशी कुणीतरी पावडरचे ग्लोव्ह झटकून घातले, पांढरा धुरळा दिव्याखाली तरंगताना दिसला, आणि पाच मिनिटांत ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. तिने त्या दिवशी स्वतः ग्लोव्हला हातही लावला नव्हता. पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च. प्रथिनं त्याला चिकटतात आणि हवेतून नाकात जातात. केळं, पपई, किवी, ॲव्होकॅडो यांत तशीच प्रथिनं असतात, म्हणून ती जिभेची खाज.

हे सगळं एवढं वाढलं कसं तेही सांगते. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रत्येक पेशंटच्या रक्ताला संसर्गजन्य धरूनच काम करायची शिफारस आली. एड्सच्या भीतीने ग्लोव्हची मागणी एकदम चढली आणि प्रथिनं नीट न धुतलेले, पावडर भरलेले ग्लोव्ह बाजारात ओतले गेले. बेरियम एनिमाच्या (आतड्याच्या एक्स-रेसाठी देतात त्या) नळीवरच्या लेटेक्सच्या फुग्यामुळे पेशंट दगावले, तेव्हा १९९१ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा काढला. जर्मनीने नव्वदच्या दशकातच पावडरचे लेटेक्स ग्लोव्ह दवाखान्यांतून हटवले आणि तिथल्या नव्या केसेस झपाट्याने उतरल्या. अमेरिकेत पावडरच्या ग्लोव्हवर पूर्ण बंदी यायला जानेवारी २०१७ उजाडलं. म्हणून मी म्हणते, ज्यांच्या हातात इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी लिहिणं आहे त्यांनी फक्त "पावडर-फ्री" एवढा एक शब्द लिहिला तरी कुणाचा तरी श्वास वाचतो. आणि लेटेक्सच्या खोक्यावर "हायपोॲलर्जेनिक" (ॲलर्जी कमी करणारं) छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नकोस. त्यात रसायनं कमी असतील, प्रथिनं असतातच.

आता तू काय करायचंस. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जा आणि पॅच टेस्ट माग. पाठीवर छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तास पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा बघतात आणि त्यानंतर दोनेक दिवसांनी पुन्हा. दुसऱ्यांदा दाखवायला जाच, कारण काही प्रतिक्रिया तेव्हाच उमटतात. भारतीय स्टँडर्ड सीरिजमध्ये रबराची रसायनं आहेत. सोबत तुझ्या वॉर्डातल्या ग्लोव्हचा तुकडा, लेटेक्स आणि नायट्राइल दोन्ही, आणि हात धुण्याचं लिक्विड घेऊन जा. शिंका किंवा गांधी कधी आल्या असतील तर तेही सांग, म्हणजे लेटेक्सच्या आयजीईची रक्ततपासणी करतील. ॲक्सलरेटर निघालं तर ॲक्सलरेटर-फ्री नायट्राइल मिळतात, महाग असतात. व्हिनाइलच्या (प्लॅस्टिकच्या) ग्लोव्हमध्ये ती रसायनं नसतात, पण ते लवकर फाटतात, रक्ताच्या कामाला मी घालू देणार नाही.

मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" आणू नकोस, हे हात जोडून सांगते. त्यात बहुतेक वेळा जोरकस स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि नंतर कातडी पातळ होते. स्टिरॉइड लागलंच तर डॉक्टर लिहून देतील, किती दिवस तेही सांगतील.

हात दिसायला मळलेले नसतील तेव्हा साबणापेक्षा हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोल) वापर. भेगांवर तो झोंबतो म्हणून सगळ्या मुली साबणाकडे वळतात, पण कातडी जास्त कोरडी साबणानेच पडते. हँडरब लावून लगेच पुन्हा साबणाने धुवायची सवय असेल तर मोड. पाणी कोमट, पुसताना टिपायचं, पूर्ण वाळल्यावरच ग्लोव्ह. ड्युटी संपल्यावर आणि झोपताना पेट्रोलियम जेली भरपूर लाव, पण लेटेक्स ग्लोव्हच्या आत नको, तेलाने लेटेक्स फुगतं आणि फाटतं. उघडी भेग असेल तर वॉटरप्रूफ ड्रेसिंग लावूनच पेशंटला हात लाव. हिपॅटायटिस बीच्या लसीनंतर अँटिबॉडी तपासल्या आहेस का ते बघ. चिरलेल्या हाताने आयसीयूत काम करताना मला सगळ्यात मोठी भीती तीच वाटते.

निदान हातात आलं की इन्चार्जना लेखी दे, तोंडी नको, आणि पोचपावती घे. नायट्राइलचा खर्च तू करायचा नाहीस. तुझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर ही गोष्टही माहीत असू दे : कामामुळे होणारे त्वचारोग त्या विम्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत.

आणि तुमच्या वॉर्डातल्या मावशींचे हात एकदा बघ. तेच पातळ तपासणीचे ग्लोव्ह घालून त्या हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) बादलीत हात घालतात, पाणी आत शिरतं आणि कोपरापर्यंत चट्टे पडतात. त्यांना लांब बाह्यांचे जाड रबरी हातमोजे हवेत. लेखी अर्जात त्यांच्यासाठीही दोन ओळी घाल, त्यांच्या वतीने कुणी लिहीत नाही.

तुझ्या नायट्राइलच्या खोक्यावरचा मजकूर जसाच्या तसा इथे टाक आणि हात धुण्याच्या लिक्विडवर काय लिहिलंय तेही. शिंका, घरघर किंवा फळांनी तोंडाला खाज असं काहीही कधी झालं असेल तर आधी ते लिही.