औषध फुकट मिळालं, मग रकान्यात काय लिहू?

प्रश्न : मी आयुर्वेदात एम.डी. करतेय. प्रबंधासाठी रुग्णांवर चाचणी आहे. औषध एक कंपनी मोफत देणार, तपासण्यांचा खर्च माझा. सीटीआरआयच्या (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणीत निधीच्या रकान्यात सीनियर म्हणतात, 'सेल्फ टाक आणि मोकळी हो.' मला पुढे क्लिनिकल रिसर्चमध्ये जायचंय. यामुळे काही अडेल का?

उत्तर : सीनियरांचं इथे ऐकू नकोस. तो रकाना नीट वाच : पैशाची किंवा साहित्याची मदत कुठून, असं त्यात विचारलंय. कंपनीने रोख दिली नसेल, पण औषध हे साहित्यच. तेव्हा कंपनीचं नाव, 'चाचणीचं औषध विनामूल्य' आणि 'तपासण्यांचा खर्च संशोधकाचा', हे सगळं तिथे यायला हवं.

प्रायमरी स्पॉन्सरचा रकाना वेगळा, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. चाचणीची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, तो स्पॉन्सर. नुसतं औषध दिलं म्हणून कंपनी स्पॉन्सर ठरत नाही. पण आराखडा तिने आखलाय, किंवा निकाल छापायचा की नाही हे ती ठरवणार असेल, तर गाइडसोबत बसून हा रकाना पुन्हा तपासा. एथिक्स कमिटीला दिलेल्या कागदांतही 'सेल्फ'च असेल, तर आधी तिथे दुरुस्तीचं पत्र द्या. आणि हे पहिला रुग्ण घ्यायच्या आत उरका. 1 एप्रिल 2018 पासून चाचणी सुरू झाल्यावर सीटीआरआय नोंदणी घेतच नाही.

आता नोकरीचं. ही नोंद कुणालाही उघडून बघता येते, मुलाखत घेणाऱ्यालाही. उद्या पेपरात कंपनीचे आभार मानलेस आणि नोंदीत 'सेल्फ' निघालं, तर उत्तर तुलाच द्यावं लागेल, सीनियरांना नाही. शिवाय या क्षेत्रातल्या मॉनिटरचं, म्हणजे चाचणीचे कागद तपासणाऱ्याचं, निम्मं काम हेच असतं : प्रोटोकॉल, संमतीपत्र, औषधाच्या साठ्याची वही, सगळं एकमेकांशी जुळतंय का बघायचं. औषधाची पावती आत्तापासून फाइलला लावत जा.

बीएएमएसवाल्यांना सीआरओ, म्हणजे कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या संस्था, दारात उभं करत नाहीत, ही अफवा आहे, घेतात. क्लिनिकल रिसर्चच्या लाखभर रुपयांच्या डिप्लोमाची घाई नको. आधी जीसीपीचं (चाचणी नीट कशी करायची याचे नियम) प्रशिक्षण घे, ते ऑनलाइन फुकटही मिळतं. गाइडकडे हा विषय काढताना सीनियरांचं नाव मात्र घेऊ नकोस, 'रकाना नीट समजला नाही, एकदा बघाल का सर?' एवढंच विचार.