टेबलटॉप रोलप्लेइंग खेळासाठी (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत कथा खेळायची) स्वतःचं काल्पनिक जग रचायचं आहे. सुरुवात नकाशापासून करू का?

नकाशा नंतर. आधी एक गाव आणि त्या गावाची एक अडचण घ्या, पहिल्या बैठकीला तेवढं पुरतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच प्रसिद्ध खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांचं ग्रेहॉक हे जग असंच वाढलं. १९७२च्या सुमारास सुरुवात झाली ती एका किल्ल्यापासून आणि त्याखालच्या भुयारांपासून. मग शेजारचं शहर आलं. त्या जगाचा मोठा नकाशा छापून आला तो थेट १९८० साली.

वेगळेपण मात्र पहिल्या दिवसापासून हवं. त्यासाठी एकच अद्भुत नियम ठरवा आणि तो रोजच्या जगण्यात मुरू द्या. समजा, माणूस मेल्यावर त्याची सावली तेरा दिवस घरात राहते आणि बोलते. मग वाटणीच्या तंट्यात सावलीची साक्ष चालेल का? सावलीला उजेड लागतो, म्हणजे दिव्याचं तेल महागणार आणि तेली गावातले बडे लोक होणार. खुनी अमावस्येची वाट पाहणार. आणि एखाद्या घरात चौदाव्या दिवशीही सावली गेलीच नाही तर? झालं, तुमची पहिली कथा मिळाली. एल्फ, ड्रॅगन नसले तरी अजिबात बिघडत नाही.

देवांची वंशावळ, हजार वर्षांचा इतिहास सध्या राहू द्या. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूला विचारा, "या गावात तुझं कोण वारलंय?" उत्तरं लिहून ठेवा, पुढच्या बैठकीचं सामान त्यातच असतं.