भरलेली बाटली

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. ‘काका, सोमवारपासून मला सॅक्रिफाइसच्या खोलीत मदतीला उभं राहायला सांगितलंय. गळ्यात माळ आहे. काय करू?’ आणि खाली जाता जाता लिहावं तशी दुसरी ओळ: ‘शनिवार-रविवारचे तक्ते शुक्रवारीच भरून ठेव म्हणतात, ते एक बरंय.’

पहिल्या ओळीनं मी अंथरुणात उठून बसलो: प्रयोग संपलेल्या उंदरांना मारतात ती खोली, आणि तुझ्या गळ्यात वारकऱ्याची माळ. झोप घालवली ती दुसऱ्या ओळीनं: पिंजरे न बघताच पाणी-खाद्याच्या तक्त्यावर टिक.

माळेचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या घरी वारी आहे, माझ्याकडे नव्हती. तू या कामाला लागल्यापासून वडील कामाचं काही विचारत नाहीत म्हणालीस, तर तूच त्यांच्याजवळ बस आणि सगळं सांग. औषध कोणत्या रोगावरचं, उंदीर किती, शेवट कसा करतात, काही लपवू नकोस. ऐकून ते जे म्हणतील ते माझ्या शब्दापेक्षा मोठं समज.

मी सांगू शकतो ते वेगळं आहे. कोणता प्राणी, किती आणि कशासाठी, हे ठरवायला प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा 1960 चा कायदा आहे, प्रयोगांसाठीचे 1998 चे नियम आहेत, संस्थेची नीतिसमिती आहे. तिथे आपल्याला कोणी मत विचारत नाही. पण पिल्लू एकवीस दिवसांचं झालं की आईपासून वेगळं काढतात. तिथून शेवटच्या दिवसापर्यंत त्याचं पाणी, खाद्य, बेडिंग म्हणजे खाली पसरायचा थर आणि त्याला उचलणारा हात आपला असतो. तू मला एका मिनिटाचं विचारलंस. बाकीचे सगळे दिवस तुझ्या ताब्यात आहेत आणि त्यांच्यावर तू शुक्रवारीच टिक करून मोकळी होणार आहेस?

बघितल्याशिवाय टिक करायची नाही. एवढंच मला सांगायचं आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मला नोकरीला लागून सहावं वर्ष होतं. गौरी-गणपतीची सुट्टी, प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाऊसला मी एकटा. घरी गौरी जेवायच्या होत्या. दोन दिवस मी दारात उभा राहून रॅकवरून नजर फिरवली, सगळ्या बाटल्या भरलेल्या दिसल्या, टिक केली, तापमान लिहिलं आणि पळालो. तिसऱ्या रॅकच्या तळच्या ओळीत एका पिंजऱ्यातली बाटली काठोकाठ भरलेली होती. नळीच्या तोंडाशी हवा अडकली होती. पाणी होतं, पण थेंब येत नव्हता. भरलेली बाटली दिसली की आपल्याला बरं वाटतं ना? चार उंदीर दोन दिवस पाणी पितात तर बाटली उतरायला हवी. न उतरलेली बाटली ओरडून सांगत होती आणि मी तिच्याच जिवावर टिक केली.

चारही गेले. त्यांना नव्या औषधाचा मोठा डोस दिलेला होता. पीएचडी करणारी मुलगी सुट्टीनंतर आली, पिंजऱ्यापाशी बसली आणि मला म्हणाली, ‘काका, पाणी नीट होतं ना?’ मी म्हणालो, ‘हो.’ तक्ता तेच सांगत होता. तिनं ते चार मृत्यू डोसच्या नावावर लिहिले. डोस उतरवून चोवीस उंदरांवर चाचणी पुन्हा केली. मी खरं सांगितलं दोन महिन्यांनी. तोवर ते चोवीसही संपले होते. ती रागावली नाही. वहीचं पान काढून त्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि सही केली. ती रेघ मला आजही दिसते.

आपल्याकडे भिंतीवर तीन ‘आर’चा तक्ता लावलेला असतो: प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, कमी वापरा, त्रास कमी करा. इंग्रजीत तिन्ही शब्द ‘आर’नं सुरू होतात. 1959 साली रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी मांडलेला. ‘कमी वापरा’ हे फक्त शास्त्रज्ञांसाठी लिहिलंय असं मला वाटायचं. माझ्या एका टिकनं चोवीस वाढवले.

म्हणून बघ. बघणं म्हणजे काय तेही सांगतो, कारण ट्रेनिंगमध्ये ते स्लाइडवर येतं आणि जातं. उंदीर रात्रीचा प्राणी. सकाळी तू जाशील तेव्हा तो झोपलेला असणार, आजारीही तसाच दिसणार, कारण शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं. पिंजरा हलकाच पुढे ओढ. बरा असेल तो नाक वर करतो. जो पाठीची कमान करून, केस पिंजारून कोपऱ्यात तसाच बसतो, त्याची नोंद आधी. घरटं बघ. कालपर्यंत कागदाचे तुकडे गोळा करणारा आज उघड्यावर पडला असेल तर काहीतरी झालंय. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, डोळ्यानाकाभोवती लाल दिसलं तर घाबरू नकोस, ते बहुतेक वेळा रक्त नसतं, ताण किंवा दुखणं असलं की त्याच्या अश्रूंतून तो रंग येतो. पण डॉक्टरांना कळव. नुकतीच व्यायलेली मादी असेल तर मात्र लांबूनच बघ. बिथरली तर पिल्लं खाते. आणि प्रत्येक बाटलीच्या नळीला बोट लावून बघ. ओलं झालं पाहिजे.

शेपटी धरून उचलायचं तुला सीनियरनं शिकवलं असणार. मीही तसंच शिकवायचो, कित्येक पोरांना. 2010 साली लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीनं उचललेले उंदीर माणसाच्या हाताला घाबरत राहतात आणि ओंजळीत किंवा नळकांड्यात घेऊन उचललेले आपण होऊन जवळ येतात. मला ते नंतर एका कार्यशाळेत कळलं. तोवर किती शेपट्या धरल्या त्याचा हिशेब नाही. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं ग. हात आत गेला की ते पळायचे, मी म्हणायचो, उंदीर आहे, पळणारच. बघत होतो आणि बघत नव्हतो.

त्या गौरीनंतर मी बदललो. अती बदललो असं बायको म्हणते. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी घरी नसायचो. कोऱ्या तक्त्यावर सही मागणाऱ्या साहेबाला मी सगळ्यांदेखत नाही म्हणालो, त्यानंतर माझं प्रमोशन बरीच वर्षं अडलं. आणि एक कंत्राटी पोरगा शुक्रवारी टिक करून गावी गेला होता, त्याचं नाव मी वर कळवलं. त्याची नोकरी गेली. घरात तो एकटाच कमावता होता. मी आधी त्याला बाजूला घेऊन बसायला हवं होतं, जसा आज तुझ्याशी बोलतोय तसं. ते मी केलं नाही, त्याचं दुःख आहे. पण तक्ता खोटा होता, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. बघितल्याशिवाय टिक करायची नाही, मग समोर साहेब असो, सण असो की आपलाच माणूस. तुला मी कठोर वाटत असेन तर वाटू दे.

शुक्रवारी तक्ता पुढे केला तर भांडू नकोस. ‘शनिवारी मी स्वतः येते, तेव्हा भरते,’ एवढंच म्हण. बदली रजा मिळत नसेल तर तसं लेखी माग, अर्ज मी लिहून देतो. सोमवारी त्या खोलीत उभी राहशील की नाही, ते घरी बोलून ठरव. राहिलीस तर ज्याला आत न्यायचं त्याला ओंजळीत घेऊन ने, घाई करू नकोस.

रविवारी दुपारी मी घरीच आहे, राउंड झाला की फोन कर. तळच्या ओळीसाठी गुडघ्यावर बसावं लागतं, म्हणून तीच सगळ्यांची राहते. ती आधी बघून घे, मग फोन लाव.

तुझा,
काका