पहिला प्रकल्प छोटाच घ्या

वर्गात मुलांकडून गणिताचे प्रकल्प करून घेण्याचा आपला उत्साह पाहून आनंद झाला. मात्र पहिल्याच खेपेला पुलाची प्रतिकृती हाती घेऊ नका, कारण सारा वेळ कापण्या-चिकटवण्यात जातो आणि गणित मागेच राहते (माझेही तसेच झाले होते).

सुरुवातीला उघडा खोका पुरेसा आहे. 30 सेंमी बाजूच्या चौरस पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून समान चौरस कापून कडा वर दुमडायच्या. प्रत्येक गटाला कापायच्या चौरसाची बाजू वेगळी द्या: 4 सेंमीला घनफळ 1936 घनसेंमी येते, 5 सेंमीला 2000, तर 6 सेंमीला पुन्हा उतरून 1944, आणि ‘खोका जितका उंच तितका मोठा’ हा समज मुलांच्या हातातच मोडतो. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहा. आधी लिहिले, तर उरते ती नुसती हस्तकला.

नवशिक्या शिक्षकाची नेहमीची चूक म्हणजे मापे स्वतः आखून देणे. मुलांनाच आखू द्या. बहुतेक पट्ट्यांचे शून्य अगदी कडेवर नसते, हे खोक्याच्या कडा जुळेनाशा झाल्या की त्यांना आपोआप उमगते. कापण्यापूर्वी तेवढे पुठ्ठ्याचे दोन्ही कर्ण मोजायला लावा. ते सुमारे 42.4 सेंमी भरले पाहिजेत. गट तिघांचाच ठेवा. त्रिकोणमितीचे प्रकल्प तूर्त बाजूला राहू द्या.