मन चिंती ते वैरी न चिंती
वाचकांचे प्रश्न : विचारांची तपासणी

गेल्या अंकात सीबीटीची, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीची तोंडओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. मागचा अंक हुकला असेल तर एवढंच लक्षात ठेवा : १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी आणि १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात आरन बेक यांनी आपापल्या वाटेने एकाच जागी बोट ठेवलं. घटना घडते आणि भावना उसळते, त्यांच्या मधे एक विचार असतो आणि तो तपासता येतो. त्यासाठी घटना, विचार आणि भावना वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या, तीच ‘विचारांची वही’. दोघेही आधी मनोविश्लेषणाच्या तालमीत तयार झालेले. एलिस यांची पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत रुळली, त्यामुळे ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द अनेकांच्या ओळखीचा आहे.

मी तीन आठवडे विचारांची वही भरतेय. काही फरक नाही, उलट लिहून आणखी जड वाटतं. वहीतली एक नोंद पाठवते : ‘घटना – ऑफिसचं टेन्शन. विचार – माझं काय होणार? खूप वाईट वाटतंय. भावना – मी कामाचीच नाही असं वाटलं.’ कुठे चुकतंय? (वय ३४, पुणे)

तुमचे तिन्ही रकाने एकमेकांत मिसळलेत. दहातल्या सात-आठ वह्या इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘ऑफिसचं टेन्शन’ ही घटना नाही. कॅमेरा लावला असता तर त्यात जेवढं आलं असतं, तेवढंच घटनेच्या रकान्यात लिहायचं. तुम्ही पत्रात पुढे जे सांगितलंत ती खरी घटना : मंगळवार, संध्याकाळी ५.४०, मॅडमचा व्हॉट्सॲप – ‘उद्या ११ ला केबिनमध्ये ये, रिपोर्टबद्दल बोलायचंय.’

‘मी कामाचीच नाही असं वाटलं’ ही भावना नाही, हा विचार आहे. मराठीत आपण दोन्हीला ‘वाटणं’ म्हणतो, त्यामुळे हा घोळ होतो. भावना बहुतेक वेळा एका शब्दात मावते : भीती, लाज, राग, दुःख, अपराधीपणा. पूर्ण वाक्य लागलं, की तो विचार समजा. भावनेपुढे ० ते १०० मध्ये आकडा टाका. तुमच्या बाबतीत भीती ८५, लाज ६०, असं काहीसं असेल.

आता सगळ्यात मोठी चूक. ‘माझं काय होणार?’ हा प्रश्न आहे आणि प्रश्न खरा की खोटा हे कुणालाच तपासता येत नाही. त्याचं विधान करा. त्या क्षणी मनाने त्या प्रश्नाचं काय उत्तर दिलं होतं? ‘रिपोर्टमध्ये मोठी चूक सापडलीय, उद्या झापणार, माझं अप्रेझल गेलं.’ हे हातात धरता येतं. यावर किती विश्वास होता, तेही टक्क्यांत लिहा. तीन-चार विचार निघाले तर जो सर्वांत जास्त झोंबतो तोच घ्या, बाकीचे सोडून द्या.

मग दोन रकाने, बाजूने पुरावा आणि विरुद्ध पुरावा. तालुक्याच्या कोर्टात उभं राहून सांगता येईल, तेच पुरावा म्हणून चालेल. ‘मला आतून तसंच वाटतंय’ हे तिथे चालणार नाही. तुमच्याच पत्रातून : बाजूने – गेल्या महिन्यात आकडे चुकले होते आणि मॅडमनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. विरुद्ध – सहा महिन्यांत त्यांनी चार वेळा बोलावलं; तीनदा नवीन माहिती हवी होती, एकदा दुरुस्ती, ती दहा मिनिटांत संपली. बाजूचा रकाना प्रामाणिकपणे भरा. तो रिकामा ठेवून विरुद्ध बाजू फुगवली, की मन म्हणतं, ‘उगाच समजूत काढतेयस.’

शेवटी दोन्ही रकाने मान्य करणारं एक वाक्य : ‘दुरुस्ती निघू शकते, आधीही निघाली होती. निघालीच तर एखाद्या दिवसाचं काम वाढेल. एका रिपोर्टवर अप्रेझल ठरत नाही.’ यावर विश्वास ५० टक्क्यांच्या खाली असेल तर ते वाक्य नुसतं गोड आहे, बदला. भीती पुन्हा मोजा. ८५ची ५० झाली तर काम झालं. शून्याची वाट बघणारे दोन आठवड्यांत वही माळ्यावर टाकतात.

वेळ रोज १५ ते २० मिनिटं, नोंद एकच, शक्यतो त्याच दिवशी. भावना ९०च्या वर असताना पेन उचलू नका. अर्धा तास जाऊ द्या, चालून या. पहिले दोन आठवडे फक्त घटना, भावना, विचार हे तीनच रकाने भरले तरी चालतील. तुम्ही पहिल्या दिवसापासून ‘मी चुकीचा विचार का करते’ हे लिहायला घेतलंत, म्हणून जड झालं. ती वही नाही, ते आरोपपत्र झालं.

लिहून डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की आवाज थरथरतो, वाटतं सगळे हसतील. (वय २६, सांगली)

पोटाला कागद वाचता येत नाही. त्याला प्रयोग दाखवावा लागतो.

आधी एक यादी करा. बोलावं लागलंच तर त्या प्रसंगातून ‘निभावून जाण्यासाठी’ तुम्ही काय काय करता? कॅमेरा बंद ठेवणं, वाक्य आधी शब्दन् शब्द लिहून काढणं, मनात चार वेळा म्हणणं, भराभर बोलून मोकळं होणं, हातात बाटली घट्ट धरणं. यांना आम्ही कुबड्या म्हणतो. कुबड्यांची गंमत अशी, की मीटिंग नीट पार पडली तरी श्रेय त्यांनाच जातं : ‘कॅमेरा बंद होता म्हणून वाचलो.’ मूळ भीती जशीच्या तशी राहते. शिवाय लिहिलेलं वाक्य आणि बोललेलं वाक्य जुळवण्यात अर्धं लक्ष जातं, मग माणूस खरोखरच अडखळतो.

प्रयोग असा. येत्या मीटिंगमध्ये पहिल्या १५ मिनिटांत एक प्रश्न विचारायचा, एकाच वाक्याचा, कॅमेरा चालू ठेवून, न लिहिता. त्याआधी भाकीत कागदावर उतरवा : ‘आवाज थरथरेल, किमान तिघे हसतील, साहेब उत्तर न देता पुढे जातील – ८० टक्के.’ ‘वाईट होईल’ असं भाकीत चालणार नाही, कारण ते कधीच खोटं ठरत नाही. बोलताना नजर स्क्रीनवरच्या माणसांकडे. स्वतःच्या चौकटीत आवाज, घाम, चेहरा तपासत बसू नका. आतून आवाज भूकंपासारखा जाणवतो, समोरच्याला त्यातला फार थोडा ऐकू जातो. ऑफिसची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग बघा, मात्र बघण्याआधी ‘किती थरथरला असेल’ याचा आकडा लिहून ठेवा. त्या दोन आकड्यांतली तफावत बहुतेकांना चकित करते.

मीटिंग संपली की पाच मिनिटांत लिहा : किती जण हसले? साहेबांनी उत्तर दिलं का? रात्री अंथरुणात मीटिंगचं शवविच्छेदन करायचं नाही, तिथे स्मृती सोयीस्कर बदलते. आणि समजा, एखादा हसलाच? तर पुढचा प्रश्न महत्त्वाचा : त्यानंतर नेमकं काय बिघडलं? तेही नोंदवा. एका प्रयोगाने काही होत नाही. पाच-सहा करा, मग पायरी वाढवा : प्रश्न, मग दोन मिनिटांचं मत, मग दहा मिनिटांचं सादरीकरण.

हे सगळं म्हणजे ‘सकारात्मक विचार करा’च ना? (कोल्हापूर)

नाही. परीक्षेचा अभ्यास झाला नसताना ‘मी पहिला येणार’ हा विचार सकारात्मक आहे आणि चुकीचाही. कधी कधी तपासून पाहिल्यावर वाईट विचार खराच निघतो : नोकरी जाणारच आहे, कर्ज थकलंच आहे. मग वही मिटायची आणि प्रश्न सोडवायला घ्यायचा. बँकेत कुणाला भेटायचं, कधी, काय कागद न्यायचे.

पहाटे तीनला जाग येते. मुलगा टोरोंटोला असतो. त्याचं काही बरंवाईट झालं असेल या विचाराने छाती धडधडते. त्याला फोन केला की शांत वाटतं. (निवृत्त शिक्षिका, वय ६१, चिपळूण)

बाई, आपली म्हणच आहे : मन चिंती ते वैरी न चिंती. त्यातून पहाटेचे तीन, घरात बोलायला कुणी नाही आणि टोरोंटोत तेव्हा संध्याकाळ, म्हणजे फोन लागतोही. तीच अडचण आहे. फोनने मिळणारा दिलासा फार टिकत नाही. मेंदू मात्र शिकतो, की धोका होता आणि फोन केला म्हणून टळला. पुढच्या रात्री तो पुन्हा उठवतो.

चिंतेला दिवसा वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी साडेपाच ते पाच पन्नास, एका ठराविक खुर्चीत. पलंगावर नाही आणि झोपण्याच्या तोंडावर नाही. हातात कागद. प्रत्येक चिंतेपुढे विचारा, यावर या आठवड्यात मला काही करता येईल का? येत असेल तर कृती आणि वार लिहा. उदाहरणार्थ, रविवारी ठरलेल्या वेळी मुलाशी फोन. येत नसेल तर ‘असं झालं तर?’ या रकान्यात टाका आणि वीस मिनिटं झाली की उठा. पहिल्या आठवड्यात वेळ संपूनही चिंता संपणार नाही, किंवा नेमक्या वेळी एकही आठवणार नाही. दोन्ही चालतं.

रात्री जाग आली तर उशाशी ठेवलेल्या कागदावर एकच शब्द लिहा, ‘मुलगा’, आणि मनाला सांगा, साडेपाचला बघू. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळाकडे तोंड करून झोपू नका, मोबाइल बाहेर ठेवा. झोप कशीही झाली तरी उठायची वेळ एकच. दुपारची डुलकी काही आठवडे बंद. जुनाट निद्रानाशावर सीबीटीचा जो स्वतंत्र प्रकार आहे, त्यातलेच हे घटक. गोळीआधी तो करून पाहावा, असं तज्ज्ञ सुचवतात.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. पहाटे लवकर जाग, त्याबरोबर सकाळी मन जास्त उदास, भूक कमी, कशात रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ती निव्वळ चिंता नसावी. डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या.

मुलगा बारावीला आहे, रात्री एकपर्यंत मोबाइल. मी ओरडतो, तो दार आपटतो. माझे विचार चुकीचे कसे? त्याने ऐकायला नको? (वय ४८, नाशिक)

ऐकायला हवं. तुमची अपेक्षा रास्त आहे, गडबड एका अक्षरात आहे. तुमचं पत्र पुन्हा वाचलं : ‘त्याने ऐकलंच पाहिजे’, ‘बापाला उलट बोलूच कसा शकतो’, ‘हे मी सहन करूच शकत नाही’. तिन्ही ठिकाणी ‘च’. एलिस यांना जी हटवादी मागणी म्हणायची होती, ती इंग्रजीत एक शब्द खर्च करून सांगावी लागते. मराठीने ती एका अक्षरात ठेवलीय.

आठवडाभर हा खेळ करा. राग आला की डोक्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहा आणि प्रत्येक ‘च’भोवती गोल करा. मग वाक्य पुन्हा लिहा : ‘त्याने ऐकावं अशी माझी तीव्र इच्छा आहे. तो ऐकेलच असा नियम कुठे लिहिलेला नाही. नाही ऐकलं तर मला त्रास होईल, तो त्रास मी सोसू शकतो.’ तिसरा तुकडा गाळू नका, बहुतेक लोक तोच गाळतात. हे वाक्य शांतपणे एकदा म्हणून काही होत नाही, वाद घातल्यासारखं जोर लावून म्हणावं लागतं.

‘च’ सोडला म्हणजे मुलाला मोकाट सोडलं, अशी भीती वडिलांना हमखास वाटते. उलट आहे. राग ९० असताना माणूस नियम करत नाही, धमकी देतो आणि सकाळी विसरतो. ४०वर आला की बोलता येतं : रात्री साडेदहाला घरातले सगळे मोबाइल, तुमचासुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला. हे रविवारी सकाळी चहाच्या वेळी ठरवा, रात्री साडेबाराला त्याच्या दारात नाही.

हे पुस्तकावरून, ॲपवरून स्वतः करता येतं का, की तज्ज्ञ हवाच? (ठाणे)

सौम्य चिंता, कामाचा ताण, टाळाटाळ यांसाठी स्वतः सुरू करायला हरकत नाही. सहा-आठ आठवडे नेमाने करूनही आकडे हलत नसतील तर जा. ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला त्याच त्या कृती (विधी) करत राहणं, हा आजार असेल तर वही स्वतः भरू नका. पुन्हा पुन्हा पुरावे तपासणं हीच तिथे नवी खोड होऊन बसते. त्याचे उपचार वेगळे, भीतीला सामोरं जाऊन विधी टाळण्याचे असतात. जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवा, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. चालू असलेली गोळी थेरपी सुरू केली म्हणून परस्पर बंद करू नका.

साधारण १२ ते २० सत्रं, आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांचं, असा हिशेब असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला संकोच करू नका. फोनवर आणखी दोन प्रश्न विचारा : दर सत्रानंतर घरी करायला काम देता का? फरक पडतोय की नाही हे कशावर मोजता? ‘या, बोलू, बरं वाटेल’ एवढंच उत्तर आलं तर ते समुपदेशन चांगलं असेलही, पण तुम्ही ज्यासाठी विचारलंत ती सीबीटी बहुधा नसेल.